दादाला झालं, आता मलाही? फुफ्फुसातली बुरशीची अ‍ॅलर्जी आणि घराणं

पत्र :

डॉक्टर, मी ४१ वर्षांची, सिंहगड रस्त्यावर राहते. माझा मोठा भाऊ कसब्यातल्या आमच्या जुन्या वाड्यात आई, वहिनी आणि मुलीबरोबर राहतो. आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून दमा आहे. तीन वर्षांपूर्वी दादाला खोकला, बारीक ताप आणि थुंकीतून थोडं रक्त सुरू झालं. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबीची औषधं दिली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. सहा महिने औषधं घेऊनही फरक नाही. यंदा दुसऱ्या डॉक्टरांनी एबीपीए म्हणजे फुफ्फुसातली बुरशीची अ‍ॅलर्जी असं निदान केलं आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर तो झपाट्याने सुधारला.

आता माझाही खोकला जाईना म्हणून रक्त तपासलं, तर एकूण आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन, १,८०० आलाय. तेव्हापासून झोप नाही. वहिनीने दादाचं ताट-वाटी वेगळी केलीय. आईने त्याची इडली, दही, पाव बंद केलाय, 'आंबलेल्यात बुरशी असते' म्हणून. भाचीसाठी स्थळं बघतोय, त्यामुळे आईची ताकीद आहे की घराण्यात फुफ्फुसाचा रोग आहे हे कुणाजवळ बोलायचं नाही. शेजारी म्हणतात हे कबुतरांमुळे झालं, वाडा विका. पण मला तर वाडा सोडून अठरा वर्षं झाली! मग मला कसं? हा रोग आमच्या रक्तातच आहे का? माझ्या १२ वर्षांच्या मुलाला तपासून घेऊ का? त्याला दमा नाही. दादाची स्टेरॉइडची एक पट्टी उरलीय, ती मी सुरू करू का?

(नाव गाळलं आहे.)

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी शेवटचा प्रश्न, कारण त्यात घाई आहे. ती पट्टी घेऊ नका. स्टेरॉइडने खोकला दोन दिवसांत दबेल, पण आयजीई आणि रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दोन्ही खाली येतील. मग ज्या तपासण्यांवर तुमचं निदान ठरायचं, त्याच गढूळ होतील. दादांचा डोस त्यांच्या वजनावर आणि आजारावर ठरलेला आहे. तो तुमचा नाही.

दुसरं, ते वेगळं ताट आज संध्याकाळीच बाकीच्या भांड्यांत परत जाऊ दे. एबीपीए माणसाकडून माणसाला होत नाही. खोकल्याने नाही, उष्ट्याने नाही, शेजारी झोपल्याने नाही. वहिनींना बोल लावू नका. 'फुफ्फुसात बुरशी' म्हटलं की पुण्यात कुणालाही २०२१ चा उन्हाळा आठवतो, करोनानंतर काळ्या बुरशीने डोळा गमावलेली माणसं आठवतात. तो म्युकरमायकोसिस. त्यातली बुरशी मांसात आणि हाडात घुसते. दादांच्या आजारातली बुरशी वेगळी आणि तिची चालही वेगळी. शिवाय त्यांच्यावर आधी टीबीचा शिक्का बसलेला, म्हणजे ताट वेगळं करण्याची सवय घराला तेव्हाच लागली असणार. इडली-दहीही सुरू करा. हा आजार श्वासातून आत जाणाऱ्या बीजाणूंचा आहे, पोटात जाणाऱ्या अन्नाचा नाही.

आता 'मला कसं' या प्रश्नाकडे येतो.

या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-तिसाव्या हिश्शाइतके. कुजणारा पाला, ओली माती, खताचा खड्डा, भिंतीतली ओल, जुनं धान्य, जिथे काही कुजतंय तिथे ती असते आणि तिथून हवेवर सगळीकडे पसरते. कसब्यात आहे, सिंहगड रस्त्यावर आहे, माझ्या दवाखान्याच्या खिडकीबाहेरही आहे. आपण सगळेच रोज हे बीजाणू हुंगतो आणि निरोगी श्वासनळ्या ते झाडून टाकतात. या बुरशीला उष्णता मानवते. माणसाच्या अंगातलं तापमान तिला सोईचं आहे, एवढंच काय, तापलेल्या खताच्या ढिगाच्या पन्नास अंशांतही ती मजेत वाढते. त्यामुळे दमेकऱ्याच्या नळीत चिकट कफ साचलेला असेल, तर तिथे तिला बस्तान मांडता येतं. ती फुफ्फुसाच्या मांसात शिरत नाही, कफातच तंतू फुटून वाढते. नुकसान करतं ते आपलंच शरीर. एक चोर दिसला म्हणून अख्खी आळी पेटवून द्यावी तसं. आयजीई हजारांत जातो, इओसिनोफिल धावून येतात, नळीला सूज येते, घट्ट तपकिरी गुठळ्या अडकून फुफ्फुसाचा एखादा भाग बंद पडतो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की नळ्या कायमच्या रुंदावतात. त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. दादांच्या थुंकीतून रक्त आलं, ते बहुधा यामुळेच.

तेव्हा वाडा सोडला म्हणून बुरशी सुटत नाही, आणि वाड्यात राहिलं म्हणून आजार होत नाही. नाहीतर कसब्यातला अर्धा भाग एव्हाना आजारी असता. वहिनी आणि आई त्याच भिंतींत राहतात, त्याच हवेत श्वास घेतात. त्यांना काही झालं नाही, कारण त्यांना दमा नाही.

आता रक्ताचं. भावंडांत हा आजार आढळतो, हे खरं. या विषयावरचा एक नेमका अभ्यास आपल्याच देशातला आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टरांनी एबीपीएच्या १६४ रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांमध्ये हा आजार किती दिसतो ते पाहिलं आणि २००८ साली ते प्रसिद्ध केलं. प्रमाण निघालं पाच टक्क्यांहून किंचित कमी. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघा. शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नव्हता, म्हणजे हिमोफिलियासारखा पिढीजात उतरणारा हा रोग नव्हे. पण उरलेले पाच हा आकडाही योगायोग म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही.

घराण्यात उतरते ती प्रवृत्ती. दमा आणि अ‍ॅलर्जी घराण्यात असतात हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. त्यापलीकडे, बुरशीचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणारी काही जनुकं, त्यात एचएलए-डीआर२ या गटातली प्रमुख, एबीपीएच्या रुग्णांत जास्त आढळतात. तीच जनुकं असलेली असंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीतही असतात. म्हणून जनुकांची तपासणी करून काही हाती लागणार नाही. कुणी सुचवली तर पैसे वाचवा. भावंडं एका घरात वाढतात, तीच ओल, तोच माळा, तीच गोधडी. मग किती रक्ताचं आणि किती भिंतीचं हे वेगळं काढता येत नाही. तुम्हाला ते काढायचीही गरज नाही. तुमच्या कामाचं एवढंच की घरात एकाला एबीपीए निघाला, तर त्या घरातल्या प्रत्येक दमेकऱ्याने एकदा तपासून घ्यावं. दमा नसलेल्यांनी तपासायचं कारण नाही.

यातच तुमच्या मुलाचं उत्तर आलं. त्याला दमा नाही, खोकला नाही, तर त्याच्या दंडात सुई खुपसू नका. आयजीई कशानेही वाढतो: जंत, त्वचेचा इसब, साधी धुळीची अ‍ॅलर्जी. मुलाचा आकडा ६०० आला तर त्याचा अर्थ कुणालाच धड सांगता येणार नाही, पण घरातली रात्रीची झोप मात्र जाईल. वरचेवर छातीत घरघर, खेळताना दम लागणं, पहाटेचा खोकला असं काही दिसलं तर आधी दम्याची तपासणी, बुरशीची त्यानंतर. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, तुमच्यासाठी नव्हे तर हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. एखाद्या लहान मुलाला वारंवार न्यूमोनिया, तेलकट शौच आणि वजन न वाढणं हे सगळं एकत्र असेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचा विचार करून घामातल्या क्लोराइडची तपासणी करावी लागते. तो आजार मात्र खरोखर आईवडिलांकडून येतो, आणि त्यातही ही बुरशी घर करते.

आता तुमचे १,८००. एवढ्यावरून तुम्हाला एबीपीए आहे असं कुणी म्हणालं तर थांबा, आणि नाही असं म्हणालं तरी थांबा. निदान अनेक गोष्टी जुळवून होतं आणि त्यातली पहिली तुमच्या कागदावर नाहीच. लॅबमध्ये 'अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धचा स्पेसिफिक आयजीई' असं स्पष्ट लिहून मागा. शेकडो पदार्थांचं अ‍ॅलर्जी पॅनेल घेऊ नका. त्यात वांगं, चिंच आणि झुरळ सगळं येतं आणि हवी ती ओळ कधीकधी नसते. स्पेसिफिक आयजीई ०.३५ च्या खाली आला तर एबीपीएची शक्यता जवळजवळ मिटली, आणि तुमच्या १,८०० चं कारण दुसरीकडे शोधायचं. तो वर आला तर पुढचा टप्पा. २०२४ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एकूण आयजीई ५०० च्या वर लागतो (आधीच्या निकषांत तो १,००० होता, म्हणून जुन्या लेखांत तो आकडा दिसेल), आणि सोबत या तीनपैकी दोन गोष्टी: बुरशीविरुद्धचा आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड) वाढलेला, इओसिनोफिल ५०० च्या वर, किंवा छातीच्या एचआरसीटीवर (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) रुंदावलेल्या नळ्या वा कफाच्या गुठळ्या. सीटी सगळ्यांत शेवटी, डॉक्टर म्हणतील तेव्हा. स्पेसिफिक आयजीई वाढलेला पण बाकी काही नाही, असंही पुष्कळ दमेकऱ्यांत असतं. त्याला नुसती संवेदनशीलता म्हणतात. त्यावर बुरशीचं औषध लगेच लागत नाही, दमा नीट आटोक्यात ठेवून लक्ष ठेवायचं असतं.

जमलं तर हे आठवडाभरात करा. एबीपीए असलाच, तर नळ्या रुंदावण्याआधी तो सापडणं यातच सगळा फायदा आहे. दादांना ती संधी मिळाली नाही. तुम्हाला मिळते आहे, तीही त्यांच्यामुळेच.

दादांच्या टीबीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, पण मला तिथे जरा थांबायचं आहे. भारतात एबीपीएच्या रुग्णांपैकी खूप जणांनी निदानाआधी टीबीची औषधं घेतलेली असतात. त्यात नवल नाही. दोन्हींत खोकला, बारीक ताप, वजन घटणं, रक्त, आणि फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग. आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरच्या मनात तोच आधी येतो आणि यायलाही हवा. पण थुंकीत जंतू नाही, सीबीनॅट या टीबीच्या जंतूच्या जनुकीय चाचणीत काही नाही, रुग्ण जुना दमेकरी आहे, आणि एक्स-रेवरचा डाग दोन महिन्यांनी जागा बदलून दुसरीकडे उगवला, तर ही अ‍ॅलर्जी आठवायला हवी. टीबीचा डाग असा फिरत नाही. म्हणून तुमच्या नात्यात कुणी दमेकरी 'बरा न होणारा टीबी' घेऊन बसला असेल, तर त्याच्यापर्यंत दादांचं निदान पोचवा. टीबीची औषधं मनाने बंद करू नकोस, पण छातीच्या डॉक्टरांना हे विचार, असं त्याला सांगा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात आणि टीबी अंगात असताना नुसतं स्टेरॉइड देणं धोक्याचं.

आणि इथेच आईंची ताकीद मोडावी लागते. त्यांची भीती मला कळते. स्थळाच्या चौकशीत 'मुलीच्या वडिलांना फुफ्फुसाचं काहीतरी आहे' एवढं वाक्य पेठांमध्ये किती वेगाने फिरतं, हे पुण्यात कुणी कुणाला सांगायला नको. पण गप्प बसण्याचा भुर्दंड घरातलेच दमेकरी भरणार. लग्नाच्या बाजूने म्हणाल, तर पत्रिकेबरोबर वडिलांची फाइल जोडायची नसते. कुणी विचारलंच तर सांगा, 'बाबांना जुना दमा आहे, त्यातून एक अ‍ॅलर्जी बळावली होती, औषधं चालू आहेत.' हे संपूर्ण खरं आहे आणि पुरेसं आहे. भाचीला स्वतःला दमा असेल तर तो मात्र लपवू नये. तो पंप तिला उद्या सासरी उजळ माथ्याने वापरता यायला हवा. पर्समध्ये लपवलेला पंप वेळेवर घेतला जात नाही, आणि न आवरलेला दमाच या बुरशीला जागा करून देतो. एवढ्यावर जे स्थळ मोडेल ते मोडू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आईंना ते पटणार नाही, हेही मला माहीत आहे.

दादांच्या औषधांविषयी थोडं. स्टेरॉइडचा कोर्स साधारण चार महिन्यांत हळूहळू कमी करत संपवतात. बरं वाटलं म्हणून तो अचानक सोडायचा नाही, शरीर तोवर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. साखर आणि रक्तदाब तपासत राहा. डॉक्टर इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध देत असतील, तर त्याच्या साध्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायच्या आणि अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत नको, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. या औषधाचं नेहमीच्या दम्याच्या पंपांशीही पटत नाही. ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप चालू असेल तर पंपातलं स्टेरॉइड रक्तात साठत जातं आणि चेहरा गोल होऊ लागतो, साखर चढते. तेव्हा पंपाचं नाव डॉक्टरांना आठवणीने सांगा. पंप आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

दादांच्या आयजीईचा पहिला आकडा जपून ठेवा. हा आकडा क्वचितच नॉर्मलला येतो, त्यामुळे 'अजून ९०० आहे' म्हणून घाबरायचं नसतं. उपचार लागू पडला का हे आठ आठवड्यांनी तो निदान पाचव्या हिश्शाने उतरला का यावरून बघतात. पुढे स्थिरावलेल्या आकड्याच्या दीडपट झाला आणि सोबत खोकला वाढला, तर आजार उलटला असं समजायचं. तो उलटतो, पुष्कळांना उलटतो, आणि पुन्हा आटोक्यातही येतो. त्यासाठी रक्ताची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

राहिला वाडा. विकायचा असेल तर वाटण्या करा, बिल्डर बघा, काय हवं ते करा, पण या आजाराच्या नावावर विकू नका. भिंतीला ओल कुठून येते ते शोधा, फुटकी कौलं, गळकं पन्हळ, न्हाणीघराची नळी. गळती बंद न करता वरून रंग मारला तर पुढच्या श्रावणात बुरशी पुन्हा तिथेच. पोपडे खरवडणं, माळा आवरणं, दसऱ्याआधीची साफसफाई, ही कामं दादांनी आणि तुम्हीही करू नयेत, आणि करणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा. कुलरच्या जाळ्या, बरेच महिने न उघडलेली गहू-ज्वारीची कोठी, पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या गाद्या, यांच्यावर नजर ठेवा. कांद्याच्या सालीवरची काळी पूड हीसुद्धा याच कुळातली बुरशी असते. ते कांदे वाड्याच्या मागच्या दारी निवडावेत, दादांच्या खोलीत नको.

कबुतरांचं शेजाऱ्यांनी सांगितलं ते पूर्ण चूक नाही, पण या आजाराला लागू नाही. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुफ्फुसाचा एक वेगळाच अ‍ॅलर्जीचा आजार होतो, त्याची तपासणी वेगळी, सीटी वेगळा, आणि तो दमा नसलेल्यांनाही गाठतो. म्हणून गच्चीत कबुतरांना दाणे टाकणारं कुणी घरात असेल तर तेही बंद करा, त्यासाठी एबीपीएची वाट कशाला बघायची.

तुमच्यासाठी एक विचारायचं राहिलं. पुण्यात हल्ली सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो आणि गच्चीवर पालापाचोळ्याच्या बागा फुलल्या आहेत. दोन्ही चांगल्या गोष्टी, पण तापलेलं खत उकरताना जो धुरळा उडतो, तो या बुरशीचा सगळ्यात मोठा डोस. तुमच्या सोसायटीत हे काम कोण करतं? तुम्ही करत असाल, तर रिपोर्ट येईपर्यंत ते दुसऱ्या कुणावर सोपवा. झाडांना पाणी घालायला, फुलं तोडायला काहीच हरकत नाही. डॉक्टरकडे जाल तेव्हा दादांची फाइलही पिशवीत घ्या. टीबीच्या वेळचे जुने एक्स-रेसुद्धा, फेकले नसतील तर.